चिमणी घेण्याआधी खिडकी पाहा

दिवाळी झाली की स्वयंपाकघर नवे करायचे, असे आमच्या घरी तीन वर्षांपासून ठरत होते. यंदा ते खरेच ठरले. बुलढाण्यातले हे घर बांधून बावीस वर्षे झाली. ओट्याचा कडप्पा तडकला आहे, सिंकखालची फळी पाण्याने फुगली आहे आणि मिक्सर, फिल्टर, ओव्हन असे सगळे एकाच बोर्डावर लोंबकळते. ट्रॉलीवाला कारागीर आराखडा घेऊन आला. आराखडा देखणा होता. मी दवाखान्यातून थकून आलो होतो; छान आहे म्हणालो आणि जेवायला बसलो.

जेवण झाल्यावर बायकोने तोच कागद माझ्यापुढे धरला आणि विचारले, "यात खिडकी कुठे आहे?"

खिडकी नव्हती. ओट्याच्या डाव्या हाताला, अंगणाकडे उघडणारी तीन फुटांची खिडकी बुजवून तिथे छतापर्यंत कपाट दाखवले होते. त्यात फ्रिज आणि ओव्हन बसणार होता. दुसऱ्या दिवशी कारागिराला विचारले, तर तो सहज म्हणाला, "सर, चिमणी लावतोय ना, मग खिडकीचं काय काम?"

पंचवीस वर्षे सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत बसून, दम लागलेल्या प्रत्येक बाईला मी एक प्रश्न विचारत आलो आहे: स्वयंपाक कशावर करता, आणि घरात धूर जायला वाट आहे का? स्वतःच्या घराच्या नकाशावर मात्र तो प्रश्न मला सुचला नाही. शेजारच्या खोलीत माझी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई नेब्युलायझर लावून बसलेली असताना सुचला नाही.

आईने आयुष्यात विडी ओढली नाही. चाळीस वर्षे तिने पऱ्हाट्या, तुराट्या आणि गोवऱ्यांवर स्वयंपाक केला. गावाकडच्या आमच्या स्वयंपाकघराला एक झरोका होता, आणि तोही पावसाळ्यात पोत्याने बंद व्हायचा. तिला जो आजार आहे त्याला आम्ही सीओपीडी म्हणतो. श्वासनलिका कायमच्या आकसतात, आत घेतलेला श्वास नीट बाहेर पडत नाही. हा विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा आजार, असे आम्हाला कॉलेजात शिकवले गेले. पण आमच्या ओपीडीत तो घेऊन येणाऱ्या किती तरी बाया तंबाखूच्या धुराच्या वाटेलाही गेलेल्या नसतात. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीवर सविस्तर लेख लिहिला. चुलीचा धूर हे जगभरातले त्याचे एक मोठे कारण आहे, हे त्यात ठळकपणे मांडले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या धुरामुळे २०२० या एका वर्षात ३२ लाख माणसे दगावली.

अशा बायांना पूर्वी 'छातीचा जुना खोकला' म्हणून सिरप मिळायचे, नाही तर क्षयाच्या संशयावरून बेडक्याची तपासणी पुन्हा पुन्हा व्हायची. निदान व्हायला फुंकण्याची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री लागते. मेहकरकडच्या एका म्हातारीला मी यंत्राची नळी तोंडात धरून जोरात फुंकायला सांगितले, तेव्हा ती हसून म्हणाली, "आयुष्यभर फुकनीच फुकली बाप्पा, आता तुमी बी फुकालेच लावता."

२०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली आणि गॅस बऱ्याच घरांत पोहोचला. चुलीच्या तुलनेत गॅसचा धूर नगण्य. ही फार मोठी सुधारणा आहे आणि पुढे मी जे लिहिणार आहे त्यामुळे कोणी चुलीकडे वळू नये. पण गॅस म्हणजे शुद्ध हवा, हा समजही पुरता खरा नाही. निळ्या ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइड निघतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण दम्याच्या रुग्णाच्या श्वासनलिकेला कळतो. आणि फोडणी? तेल तापून धुरकट झाले की त्याचे अतिसूक्ष्म कण हवेत जातात. शेगडी कोणतीही असो, ते जाणारच. ठेच्यासाठी मिरच्या तव्यावर टाकल्या की अख्खे घर खोकते, ते उगीच नाही.

म्हणून माझे पहिले म्हणणे असे की नव्या स्वयंपाकघराची यादी करताना फ्रिजचे लिटर आणि ओव्हनचे बटण बाजूला ठेवा, आधी हवा कुठून येणार आणि कुठून जाणार ते कागदावर बाणाने काढा. आम्ही तसे काढले तेव्हा लक्षात आले की खिडकी बंद केली तर चिमणीलासुद्धा काम करता येणार नाही. चिमणी हवा बाहेर फेकते. तेवढीच हवा आत यायला वाट नसेल तर पंखा नुसताच घरघरतो. दार लावून, खिडकी बुजवून चिमणी सुरू करणे म्हणजे बूच लावलेल्या बाटलीतून पाणी ओतण्याचा प्रयत्न करणे.

खामगावच्या एका दुकानात आम्ही चिमण्या पाहायला गेलो. विक्रेता ताशी घनमीटरचे आकडे भराभर सांगत होता. हा आकडा मोठा दिसतो, कारण तो पुढे पाइपचा अडथळा नसतानाचा असतो. घरी पाइपला दोन-तीन वळणे दिली की ओढ बरीच कमी होते. पाइप रुंद, आखूड आणि शक्यतो एकाच वळणाचा असावा आणि तो थेट घराबाहेर निघावा, हे त्या आकड्यापेक्षा महत्त्वाचे आहे. चिमणी शेगडीपासून साधारण ६५ ते ७५ सेंटिमीटरवर हवी. दिसायला बरे म्हणून फार वर नेली तर धूर बाजूने निसटतो. विक्रेत्याने आम्हाला पाइप नसलेली, कोळशाच्या फिल्टरची चिमणीही दाखवली. "भिंत फोडायची कटकट नाही," म्हणाला. ती वास कमी करते आणि तेलकटपणा थोडा धरते. ज्योतीतले वायू आणि वाफ मात्र तीच हवा गाळून पुन्हा तुमच्याच नाकाशी आणून सोडते. आमच्यासारख्या घरात, जिथे दम्याचा किंवा सीओपीडीचा रुग्ण आहे, तिथे ती घेऊ नये असे मी स्पष्ट सांगेन. आणि चिमणीचे पैसे नसतील तर? खिडकीच्या वर नऊ इंची एक्झॉस्ट पंखा आणि समोरच्या बाजूने हवा यायला वाट, एवढ्यानेही पुष्कळ काम होते. फोडणी टाकण्याआधी तो सुरू करायचा आणि गॅस बंद केल्यावर दहा मिनिटे चालू ठेवायचा. आपल्याकडे बहुतेक घरांत पंखा ठसका लागल्यावर सुरू होतो.

ट्रॉलीच्या स्वयंपाकघरातली दुसरी चूक सिलिंडरची. सिलिंडर दिसायला नको म्हणून तो ओट्याखाली गुळगुळीत दार लावून बंद केला जातो. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो वर न जाता जमिनीलगत साचतो आणि बंद कपाटात तर साचतच राहतो. त्याला मुद्दाम घातलेला उग्र वास दार उघडेपर्यंत आपल्या नाकापर्यंत येत नाही. सिलिंडर आतच ठेवायचा असेल तर दाराला खाली, अगदी तळाशी, आणि वर जाळी हवीच. त्याच कपाटात विजेचा प्लग नको. नळीवर छापलेली मुदत तरी वर्षातून एकदा वाचावी.

मग गॅस की इंडक्शन? हा प्रश्न हल्ली मला रुग्णही विचारतात. श्वासाच्या दृष्टीने इंडक्शन सरस आहे, कारण ज्योतच नाही. उष्णता थेट भांड्याच्या बुडात तयार होते, त्यामुळे ऊर्जाही कमी वाया जाते. भांड्याच्या बुडाला लोहचुंबक चिकटले तर ते भांडे चालते, नाही तर नाही. दुकानात जाताना फ्रिजवरचे छोटे चुंबक खिशात ठेवा. भाकरी मात्र त्यावर फुगत नाही आणि आमच्या घरात हा मुद्दा निर्णायक ठरला. शेवटी दोन बर्नरची गॅसची शेगडी आणि शेजारी एक इंडक्शन असे ठरले. दूध, चहा, कुकर, वरण इंडक्शनवर. भाकरी आणि फोडणी गॅसवर, चिमणीखाली. ज्यांना पेसमेकर बसवला आहे त्यांनी चालू इंडक्शनपासून साधारण दोन फूट अंतर राखावे आणि आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारून घ्यावे.

इंडक्शन घेण्याआधी इलेक्ट्रिशियन बोलवा. २००० वॉटची शेगडी साधारण ९ अँपिअर वीज ओढते आणि मिक्सरचा छोटा प्लग ६ अँपिअरचा असतो. त्यात जोडपिन लावून काम भागवले की एक दिवस वायर वितळते. एमसीबी असतो तो वायर वाचवायला. शॉक लागलेल्या माणसाला वाचवतो तो आरसीसीबी, ३० मिलिअँपिअरचा. ओल्या हाताने मिक्सरला हात लावणाऱ्या घरात तो नसेल तर टाइल्स थोड्या स्वस्त घ्या, पण तो बसवा. अर्थिंगचे म्हणाल तर आपल्या काळ्या जमिनीला मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की ते असून नसल्यासारखे होते. उन्हाळ्यात त्यात पाणी घालणे हे आमच्या वडिलांचे काम होते. ते गेल्यावर कित्येक वर्षे आम्ही विसरलो होतो.

भाजलेल्या लहान मुलांबद्दल थोडे. रुग्णालयात येणारी अशी मुले बहुतेक वेळा ज्वाळेने भाजलेली नसतात. ओट्याच्या कडेवरून खाली लोंबणारी विजेच्या किटलीची वायर, ओट्याबाहेर डोकावणारी कढईची मूठ, जमिनीवर निवत ठेवलेले वरणाचे पातेले, अशी कारणे असतात. दीड-दोन वर्षांचे मूल हाताला लागेल ते ओढते. नव्या ओट्यावर प्लग मागच्या भिंतीत आणि वायर आखूड, एवढे तरी सांगून करून घ्या. भाजलेच तर वीस मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, शाई, बटाट्याचा कीस लावून आणू नका. आम्हाला आधी ते काढावे लागते आणि ते काढताना पोर किती किंचाळते ते ऐकवत नाही.

आता पाण्याचे यंत्र. यावर जरा थांबतो, कारण आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न इतर ठिकाणांसारखा नाही.

माझी मावसबहीण संग्रामपूर तालुक्यात असते. तिने फोनवर विचारले, "दादा, तू कोणतं आरओ घेतो आहेस? आम्ही पण तेच घेतो." मी म्हणालो, मी आरओ घेतच नाही आणि तू मात्र घ्यायलाच हवे. तिला वाटले मी थट्टा करतो आहे.

बुलढाणा शहराला येळगावच्या धरणाचे पाणी मिळते. माझ्या नळाच्या पाण्यातल्या विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, म्हणजे टीडीएस, मी मोजले. ते लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या खाली आले. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची हीच इष्ट मर्यादा आहे. दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. अशा पाण्याला जंतू मारणारे यूव्ही यंत्र किंवा साधा चांगला फिल्टर आणि उकळणे पुरते. आरओ एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर फेकून देते. टीडीएस ५०० च्या खाली असेल तिथे आरओवर बंदी घालावी, असे निर्देश राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये केंद्र सरकारला दिले होते.

बहिणीचे गाव मात्र पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातले. जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव या तालुक्यांतल्या गावांत बोअरचे पाणी तोंडात धरवत नाही. या भागातले मूत्रपिंडाचे रुग्ण हा आम्हा डॉक्टरांच्या रोजच्या कामाचा भाग आहे. एकट्या पाण्यावर बोट ठेवणे शास्त्राला धरून नाही. मधुमेह, रक्तदाब, अंगदुखीसाठी मनाने घेतलेल्या गोळ्या आणि उन्हात पाणी न पिता केलेली मजुरी, हे सगळे त्यात येते. पण खारट पाणी प्यायला नको वाटते म्हणून माणूस पाणीच कमी पितो, एवढे एक कारणसुद्धा ते पाणी बदलायला पुरेसे आहे. ज्या गावात वान धरणाच्या पाण्याचा नळ नियमित येतो तिथे पिण्यासाठी तेच वापरावे. जिथे बोअरच प्यायची वेळ आहे तिथे आरओ हवे. वाया जाणारे पाणी तिथे आणखी खारट असते. ते फरशी धुवायला ठीक, झाडांना आणि गुरांना नको.

त्यातही एक बारकावा आहे. पाणी उकळले की शुद्ध, असे आपण मानतो. उकळून जंतू मरतात. नायट्रेट मात्र जात नाही; पाणी आटते तसे ते उलट दाट होते. शेतात टाकलेला युरिया आणि संडासाचे शोषखड्डे यांमुळे बोअरमध्ये नायट्रेट उतरते. त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. जास्त नायट्रेटच्या पाण्यात कालवलेले पावडरचे दूध सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला दिले तर बाळ निळे पडू शकते. विक्रेत्याजवळ असतो तो पेनासारखा मीटर फक्त क्षारांची बेरीज सांगतो. त्यात नायट्रेट किती, फ्लोराइड किती, जंतू आहेत का, यातले काहीच तो सांगत नाही. त्यासाठी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना द्यावा लागतो. यंत्राच्या किमतीच्या मानाने तो खर्च किरकोळ आहे.

विक्रेत्यांचा एक प्रयोगही सांगून ठेवतो. ते दोन पेल्यांत विजेचे दांडे बुडवतात, तुमच्या नळाचे पाणी तपकिरी गाळाने भरते आणि आरओचे स्वच्छ राहते. बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. तो गाळ तुमच्या पाण्यातला नसतो. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते आणि लोखंडी दांडाच झिजून गंजतो. आरओच्या पाण्यात क्षार नाहीत म्हणून वीज वाहत नाही आणि दांडा शाबूत राहतो. आमच्या ओट्यावर हा प्रयोग झाला तेव्हा मी दुसऱ्या पेल्यातही चिमूटभर मीठ टाकून पुन्हा करायला सांगितले. त्याने सामान आवरले.

पाण्याकडे बघताना घाईही नको. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या काही गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले, तेव्हा पहिला संशय पाण्यावरच गेला होता. पुढे रुग्णांच्या रक्तात सेलेनियम जास्त आढळले आणि संशय गव्हाकडे वळला.

फ्रिजबाबत माझा आग्रह एकच. घरात इन्सुलिन घेणारे कोणी असेल तर त्याची जागा आधी ठरवा. ते २ ते ८ अंशांत राहायला हवे. दारातल्या कप्प्यात तापमान सारखे बदलते आणि बर्फाच्या कप्प्याजवळ ते गोठते; गोठलेले इन्सुलिन पुन्हा पातळ झाले तरी फेकायचेच. मधला कप्पा, डब्यात. वीज गेली तर दार उघडू नका, बंद फ्रिज साधारण चार तास थंडावा धरतो. मोठा फ्रिज घेतला की त्यात तीन दिवसांची भाजी साठते, एवढेच मी बघत आलो आहे.

मायक्रोवेव्हच्या किरणांनी कर्करोग होत नाही. त्यात प्लॅस्टिकच्या डब्यात वरण गरम करू नका, काच वापरा. नॉनस्टिक तवा रिकामा मोठ्या आचेवर ठेवू नका. २६० अंशांच्या पुढे त्याचा थर विघटित होऊन अपायकारक वाफ सोडतो. एअर फ्रायरने तेल कमी लागते हे खरे, पण तळणीचे पदार्थ त्यामुळे रोज होऊ लागले तर हिशेब फिरतो. आणि ओटा करणाऱ्या बाईच्या उंचीचा करा, कोपरापेक्षा चारेक इंच खाली. आमचा जुना ओटा बांधताना गवंड्याने माप त्याच्या स्वतःच्या उंचीने घेतले होते. बायकोची मान बावीस वर्षे दुखते आहे.

खिडकी राहिली. फ्रिज जेवणाच्या खोलीत गेला, उंच कपाट रद्द झाले, कारागीर थोडा नाराज झाला. ओव्हन घेतलाच नाही. त्या पैशांत चिमणीचा सरळ पाइप आणि सगळी नवी वायरिंग बसली.

एक वाद मात्र मिटलेला नाही. आईला मागच्या अंगणात चूल हवी आहे. रोज नको म्हणते, थंडीत चार-दोनदा पऱ्हाट्यांवर वांगी भाजायला. गॅसवरच्या वांग्याचे भरीत तिला भरीतच वाटत नाही. मी नाही म्हणालो. बायको म्हणते, उघड्यावर चूल मांडू, वांगी तू भाज, आई दारात बसून सांगतील. आई म्हणते, त्याला जमणार नाही.